न सुजलेला पाय

२०१६ साली रानशेतजवळच्या एका पाड्यावर हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम झाली आणि त्याच संध्याकाळी एका बाईला चक्कर येऊन उलट्या झाल्या. नवऱ्याने आपल्या वाट्याच्या गोळ्याही तिलाच खायला घातल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी बातमीसाठी गेलो. ती बरी होती. तिच्या पायाशी मुंबईहून आलेल्या संशोधक मॅडम बसल्या होत्या. अंगठ्याने घोटा दाबायचा आणि खळगा भरून येईपर्यंत बोलायचं नाही, ही त्यांची सवय आम्हा वार्ताहरांना ठाऊक होती. दुसरी सवय एका वाक्याची. कासा नाक्यावरून जीप कधी सुटेल असं विचारलं, तरी म्हणायच्या, "अजून तपासतेय."

"पाय हिचा सुजलाय, मॅडम," नवरा म्हणाला. तो आशागडला चिकूच्या वाडीत कामाला होता. "मी कशाला औषध खाऊ?"

हा रोग सून माहेराहून घेऊन आली, असं सासू पाड्यात सांगत असे. तेव्हाही तिने ते सांगितलं.

मॅडमनी दोघांच्या बोटाचं रक्त पट्ट्यांवर घेतलं. जंताची रेघ नवऱ्याच्या पट्टीवर उमटली. बायकोची पट्टी कोरी राहिली.

"मग मला सूज का नाय?"

"वटवाघळं हाकायला झाडात डबा बांधता ना? दोरी ओढली की वाजतो. तुमच्या रक्तातली एका जातीची प्रतिपिंडं ती दोरीच धरून बसलीत. जंतांशी लढणाऱ्या पेशींना हाक पोचत नाही, जंत सुखात आहेत. हिच्यातले जंत मेले, तरी डबा वाजतोच आहे. त्या हिसक्यांनी फांद्या मोडल्या, म्हणजे पायातल्या रसवाहिन्या. म्हणून सूज."

"मंग हिने नाय आणला?" सासूने विचारलं.

"डास आणतो, आजी. आणि तो आता तुमच्या मुलाकडून शेजारी नेतोय."

बायको पहिल्यांदाच हसली. "आता माझ्या वाटच्यापण तुमीच खा."

"नको. ज्याच्या त्याने," मॅडम म्हणाल्या. मग पाय साबणाने कसा धुवायचा, बोटांच्या बेचक्या कशा कोरड्या करायच्या, ते त्यांनी सासूलाच करायला लावून दाखवलं.

निघताना मला म्हणाल्या, "दोरीचं छापू नका. अजून तपासतेय." मी छापलं नाही.

२०१८ मध्ये काम संपवून त्या मुंबईला परतल्या. २०१९ च्या मोहिमेत नवऱ्याने गोळ्या वाटणाऱ्या आशाताईंसमोर आपल्या गोळ्या गिळल्या. बायको ओट्यावर पाय धूत होती. पाणी सासू ओतत होती.