दुसऱ्या मजल्यावरचे जावई

त्या मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, कपड्यांच्या एका चार मजली दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर, शर्टांच्या मांडणीमागे एक गृहस्थ कामावर उभे होते. काम असं की आपण कामावर आहोत हे कोणाला कळू द्यायचं नाही. दुकानाने त्यांना साध्या वेशातला पहारेकरी म्हणून ठेवलं होतं. गिऱ्हाइकांत गिऱ्हाईक होऊन फिरायचं आणि कोणी पैसे न देता काही लांबवलं तर खाली गेटवरच्या गार्डला फोनवरून कळवायचं, एवढीच जबाबदारी.

या साध्या वेशाचा तपशील असा. गडद राखाडी सूट. कोटाला दोन बटणं, वरचं लावलेलं, खालचं मुद्दाम सोडलेलं. पांढऱ्या शर्टाचे कफ कोटाच्या बाहीबाहेर अर्धं बोट. टाय निळा आणि कोटाच्या कॉलरपट्टीइतकाच रुंद. छातीच्या खिशात पांढरा रुमाल, टोकं न काढता सरळ घडीचा. काळे, नाडीचे, आरशासारखे बूट. दिवस उकाड्याचे होते. मजल्यावरची बाकीची माणसं चपला फटफटवत फिरत होती.

दुकानात त्यांना सगळे 'जावई' म्हणत. हे नाव शर्टांच्या काउंटरवरच्या मुलीने ठेवलं. पहिल्या दिवशी त्यांना पाहून ती शेजारणीला म्हणाली, "कोणाकडे तरी जावई उतरलेत गं, चहा टाका." ते त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांना ते कौतुक वाटलं.

सुटाचं मूळ सिनेमात आहे. चांगले कपडे घालून जग वाचवणाऱ्या एका गुप्तहेराची चित्रपटमालिका त्यांनी शाळेत असताना पाहायला सुरुवात केली आणि मग ती त्यांना सुटली नाही. लोक अशा सिनेमांतल्या मोटारी आणि मारामाऱ्या लक्षात ठेवतात. यांनी शिवण लक्षात ठेवली. कुठल्या प्रसंगी कोट बटणांच्या एकेरी ओळीचा, कुठल्या प्रसंगी दुहेरी, संध्याकाळी सहानंतर तपकिरी बूट का चालत नाहीत, बसताना बटण का सोडायचं, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. आजवर कोणी त्यासाठी उठवलेलं नाही.

आधी ते विम्याच्या एका कचेरीत आवक-जावक टपाल बघत. कचेरी बंद पडली तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. दुकानातल्या मुलाखतीला ते सूट घालून आले. त्या वेळच्या मॅनेजरला वाटलं, मुलाखत म्हणून घातला असेल, सोमवारपासून माणूस नीट येईल. सोमवारी ते दुसरा सूट घालून आले.

कोणी हटकलंच तर त्यांचं उत्तर तयार असे. पडद्यावरचा हेर राजवाड्यात जातो, जुगाराच्या अड्ड्यात जातो, शत्रूच्या बोटीवर जातो, कायम अशाच कपड्यांत. त्याला कोणी ओळखतं का? वस्तुस्थिती अशी आहे की प्रत्येक सिनेमात खलनायक त्याला पहिल्याच भेटीत नावानिशी ओळखतो आणि काय घेणार म्हणून विचारतो. इतक्या वर्षांत ही गोष्ट जावयांच्या नजरेतून सुटली आहे. त्या वेळी ते बहुधा खलनायकाचा कोट बघत असावेत.

दुकानातल्या चोरांची त्यांच्यामुळे सोयच झाली होती. राखाडी सूट शर्टांकडून पँटींकडे गेला की शर्ट उचलायचे, सूट परत फिरला की पँटी. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, असा उंदरांना जुना प्रश्न आहे. इथे मांजराने घंटा स्वतःच बांधून घेतली होती, तीही शिंप्याकडून मापाने. चार वर्षांत जावयांनी एक चोर पकडला. तो त्यांना दुकानाचे मोठे साहेब समजून, पिशवीतला शर्ट बदलून मिळेल का, असं विचारायला आला होता. बिल नव्हतं.

त्याच मजल्यावर दुसऱ्या पहारेकरी होत्या आक्का. त्यांनी वर्षाला वीस-पंचवीस चोर धरले होते, पण म्हणून आक्का फार चाणाक्ष होत्या असं नाही. त्यांचे गुडघे दुखत. फिरणं होत नसल्याने त्या ट्रायल रूमबाहेरच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसत आणि फोनवर बहिणीला भावजयीच्या कागाळ्या सांगत. आत तीन कपडे घेऊन गेलेली बाई एक कपडा घेऊन बाहेर आली की कागाळी तिथेच थांबवून खाली फोन लावत, मग पुन्हा भावजयीकडे वळत. त्यांच्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नसे. जावई त्यांच्याबद्दल फार दयेने बोलत.

दोन महिन्यांपूर्वी मुख्य कचेरीने कळवलं होतं की प्रत्येक दुकानात मजल्यावर यापुढे एकच पहारेकरी राहील. कोण, ते बाहेरची माणसं येऊन गुपचूप चाचणी घेतील, त्यावरून ठरेल. जावयांना निकालाची काळजी नव्हती. आक्कांना आता घरी विश्रांती मिळेल, बरंच झालं, असं त्यांनी शर्टवाल्या मुलीला दोनदा सांगितलं होतं. आक्का विधवा आहेत आणि घर त्यांच्याच पगारावर चालतं, हे ती मुलगी म्हणाली. त्यावर जावयांनी खिशातला रुमाल सारखा केला.

चाचणी त्या मंगळवारीच झाली. नवरा-बायको वाटतील असे दोघं जण आले, तासभर फिरले आणि एक शर्ट, दोन पट्टे आणि एक टाय पिशवीत टाकून गेटबाहेर पडले. सगळा माल दुसऱ्या मजल्याचा. आक्का त्या दिवशी डॉक्टरकडे गेल्या होत्या, मजला एकट्या जावयांच्या हवाली होता. मग त्या दोघांनी चाचणीचा दुसरा भाग केला, गेटची परीक्षा. मजल्यावरचा पहारेकरी कोण, हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. साधं गिऱ्हाईक बनून त्यांनी गार्डला सांगितलं की वरच्या मजल्यावर राखाडी सुटातला एक माणूस संशयास्पद फिरतो आहे. गार्ड त्याच आठवड्यात लागलेला, जावयांना न ओळखणारा. साडेबाराला जावई चहाला खाली उतरले आणि त्याने त्यांचा दंड धरला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती देताना निदान संन्याशाची इस्त्री मोडत नसावी. गार्डने भर गेटवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, कोटाचे खिसे उलटे केले. कंगवा, कपड्यांचा ब्रश, बुटाला लावायची चिंधी आणि एक जादा रुमाल निघाला. शर्टवाली मुलगी धावत खाली आली आणि म्हणाली, "अहो सोडा त्यांना, आपलेच जावई आहेत." गार्डने विचारलं, "कोणाचे?"

केबिनमध्ये मॅनेजरबाईंच्या टेबलावर चोरीचा माल मांडलेला होता. संशय नेमका कशावरून आला, असं बाईंनी विचारलं तेव्हा चाचणीवाल्या बाई कोरडेपणाने म्हणाल्या, "तासभर बघतेय. त्याने एका कपड्याची किंमत पाहिली नाही. गिऱ्हाईक आधी किंमत बघतं, नंतर कपडा. हा नुसता हात लावतो आणि आरशात बघतो. कॅमेऱ्याखाली आला की मान तिरकी करतो." मान तिरकी करण्याची सवय सिनेमातली होती. किंमत न बघण्याचीही. पडद्यावर तो हेर कधीच काही विकत घेताना दिसत नाही, त्याचं कपाट आपोआप भरतं.

जावयांना बोलावलं. चार वस्तू आपल्या नाकासमोरून गेल्या, याबद्दल ते काही बोलले नाहीत. गार्डने झडती घेताना खांद्याचं अस्तर ओढलं, ही त्यांची तक्रार होती.

मॅनेजरबाईंनी ती ऐकून घेतली. त्या शांतपणे म्हणाल्या, "उद्यापासून माणसासारखे या."

"म्हणजे कसा?"

"चारचौघांसारखे. पंधरा दिवस देते. जमलं तर मजला तुमचा. आक्कांना मी खाली कापडाच्या काउंटरवर बसवीन, तसंही त्यांना जिना होत नाही. नाही जमलं तर गेटवर गार्डची जागा आहे. पगार कमी, टोपी सक्तीची."

घरी जावयांचं एकमेव कपाट सुटांनी अडवलेलं होतं. बायकोचे आणि सासूबाईंचे कपडे पलंगाखालच्या पेटीत असत. चारचौघांसारखं काही त्यांच्याकडे निघालं नाही. बायको दवाखान्याच्या खिडकीवर केसपेपर काढण्याचं काम करते, दिवसभर माणसांचे कपडे आणि आजार बघते, तिने फार चर्चा केली नाही. भावाचा चौकड्यांचा शर्ट, ढगळ पँट आणि चपला आणून पुढे ठेवल्या. म्हणाली, "घाला. माझ्या माहेरचा आहेर समजा." घालून ते बाहेर आले. सासूबाई एरवी त्यांना 'पाहुणे' म्हणत, कारण घरात राहूनही ते कायम निघायच्या बेतात दिसत. त्यांनी चष्मा वर केला आणि मुलीला विचारलं, "पाहुणे गेले वाटतं? हे कोण, मीटर बघायला आलेत?"

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांना कोणीही ओळखलं नाही. शर्टवाली मुलगी मान वर न करता म्हणाली, "काका, सेलचा माल तिकडे, कोपऱ्यात." बाराच्या आत एका माणसाने त्यांच्यापासून हातभर अंतरावर दोन शर्ट पँटीत खोचले. खोचायला जागा हवी म्हणून "जरा सरका काका" असंही म्हणाला. जावई सरकले आणि त्यांनी खाली फोन केला. चोर गेटवर सापडला. शुक्रवारपर्यंत आणखी तीन सापडले. एकाने तर पट्टा उचलण्याआधी, हा मला शोभेल का, असं जावयांनाच विचारलं.

पहिला आठवडा संपला तेव्हा मॅनेजरबाईंनी त्यांना बोलावून चांगलं म्हटलं. चार वर्षांत पहिल्यांदा. आक्कांना कापडाच्या काउंटरचं सांगूनही झालं. जागा जवळपास त्यांच्या हातात होती.

घरी मात्र ते पकडलेल्या चोरांबद्दल बोलत नव्हते. ते सुटांच्या विभागातल्या विक्रेत्याबद्दल बोलत होते. शनिवारी जावयांनी तिथला एक कोट हँगरवरून काढून कॉलरपट्टीची शिवण बघितली. विक्रेत्याने तो त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला. "हा महाग आहे काका. नुसता बघायचाय का?" जावयांनी त्याला सांगितलं की ही पट्टी चिकटवलेली आहे, शिवलेली नाही, दोन धुण्यांत फुगे येतील. "हो का," विक्रेता म्हणाला आणि कोट वरच्या दांडीवर, हात पोचणार नाही असा, टांगून निघून गेला. यात त्याची चूक काढता येत नाही. समोर चौकड्यांचा शर्ट आणि चपला होत्या. सूट घालून हाच कोट हातात धरला असता तर त्याने खुर्ची दिली असती, आणि मागून जावई म्हणून हसला असता. ते हसणं जावयांना कधी ऐकू आलं नाही, खुर्ची मात्र दिसत असे.

सोमवारी सकाळी ते केबिनमध्ये गेले आणि मला गेट द्या म्हणाले. मॅनेजरबाईंना आधी गंमत वाटली. त्यांनी चोरांचा आकडा दाखवला. मजला तुमचाच झालाय, म्हणाल्या. पगाराचा फरक समजावला. जावई ऐकत राहिले, मग म्हणाले, "बाई, तिथे माझ्याकडे कोणी बघत नाही हो."

"त्याचाच तर पगार देतो आम्ही."

जावयांचा विचार बदलला नाही. बाईंनी सही करून घेतली आणि आक्कांना पुन्हा वर बोलावलं. आक्कांनी बाकावर बसल्या बसल्या बहिणीला फोन लावला. त्या दिवशी भावजय सुटली, विषय जावई होता.

बायकोने रात्री जेवताना सुनावलं. "आयुष्यात एक काम जमलं, तर चोरांनी ओळखलं नाही म्हणून रुसून बसले." मग तिने भावाचा शर्ट धुऊन, घडी करून परत पाठवला. सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. टोपी आहे ना, मग बरं, डोक्यावर काहीतरी असलेलं बरं.

गार्डचा गणवेश कंत्राटदाराकडून मिळतो. निळा, नायलॉनचा, दोनच मापांत. खांद्यांवर फिती, आणि गाठ आधीच बांधलेला टाय, जो इलॅस्टिकने गळ्यात अडकवायचा असतो. असा टाय घालणाऱ्या माणसाबद्दल जावयांची मतं दुकानात सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेली होती. त्यांनी सुपरवायझरकडे स्वतःचा टाय वापरायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. मंगळवारी सकाळी ते इलॅस्टिक अडकवून गेटवर उभे राहिले. दर येणाऱ्याची नजर त्यांच्याकडे जात होती, कारण पिशव्या त्यांनाच दाखवाव्या लागतात. दुपारपर्यंत त्यांचे खांदे मागे गेले. चार वाजता सूट घातलेला एक तरुण आत शिरला. कोटाची दोन्ही बटणं लावलेली. जावयांनी त्याची पिशवी तपासली नाही. कोट बघितला आणि खालचं बटण सोडायला सांगितलं. तरुणाने आत जाऊन तक्रार केली. पहिल्याच दिवशी लेखी समज मिळाली.

उद्या बुधवार. बुधवारी माल येतो. गेटच्या गार्डने सव्वानऊला मागच्या गल्लीतल्या शटरपाशी हजर राहायचं असतं आणि ट्रक रिकामा होईपर्यंत, म्हणजे साधारण साडेअकरापर्यंत, खोकी उतरवून घ्यायची असतात. समोर गोदामाची भिंत आहे आणि ती गल्ली पलीकडून बंद आहे, तिथून कोणी जात-येत नाही.