पार्किंगमधली गल्ली

समाजधोरण शिकवणाऱ्या आमच्या मॅडमना निबंधांचा मनापासून कंटाळा होता. सत्राच्या सुरुवातीलाच त्यांनी सांगून टाकलं, “गट करा, एक इमारत निवडा आणि तिथली एक गोष्ट बदलून दाखवा. वाचन मग करू.” मला हे मुळीच पटलं नव्हतं. लोकांच्या दारात जाऊन त्यांचं भलं करा, असं आम्हाला कुणी सांगितलं होतं? पण आमच्या गटात बोरिवलीचा एक मुलगा होता आणि त्याच्या अंगात उत्साह इतका, की माझी कुरकुर त्याच्या कानापर्यंत पोचायचीच नाही.

आमच्या वाट्याला जोगेश्वरी पूर्वेची एक पुनर्वसनाची इमारत आली. पूर्वी तिथे बैठी वस्ती होती. ती पाडून टॉवर उभा राहिला आणि वस्तीतली माणसं वर राहायला गेली. तळाला खांबांवरचं पार्किंग, भर दुपारीही ट्यूबलाइट लागणारं. पहिल्याच दिवशी तिथे म्हातारी माणसं बसलेली दिसली. कुणी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, कुणी गोणपाटावर. पण घोळका करून नाही. लांब लांब, एकेकटी. एक आजी तर दोन गाड्यांमधल्या फटीत बसल्या होत्या.

“एकाकीपणा!” बोरिवलीकर खूश. “यार, विषय मिळाला. गेटजवळ जागा मोकळी आहे, बाकं टाकू. ज्येष्ठांचा कट्टा. झकास ना?”

मला काही सुचत नव्हतं, म्हणून मीही मान डोलावली. मग त्या फटीतल्या आजींशी बोलावं म्हणून सरळ त्यांच्याकडे चालत निघाले, तर त्या एकदम खेकसल्या, “थंयसून येव नको गो! भित आसा थंय!”

मी जागच्या जागी थबकले. समोर नुसती मोकळी फरशी होती. बोरिवलीकराच्या घरी मालवणी बोलतात. तो हळू आवाजात म्हणाला, “तिथे भिंत आहे म्हणतायत.”

त्यानंतर मला ते दिसायला लागलं, आणि एकदा दिसल्यावर दिसायचं थांबेना. ती माणसं पाडलेल्या वस्तीतल्या आपापल्या जुन्या दारांत बसली होती. ज्यांची दारं समोरासमोर होती ती समोरासमोर, आणि मधे गल्लीएवढी जागा सोडलेली. कुणी लिफ्टकडे जायला उठलं की सरळ जायचं नाही. थोडं पुढे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. दोघं समोरून आले तर एक जण अंग चोरून उभा राहायचा, दुसऱ्याला वाट द्यायला. एवढ्या प्रशस्त पार्किंगमध्ये! यांना भ्रम झालाय म्हणावं तर तेही नाही. एका आजोबांनी तर मला घरच्या वायफायचा पासवर्ड घडाघडा म्हणून दाखवला.

आजींची गोष्ट त्यांच्या मुलीने सांगितली. त्या तिच्याकडेच वरच्या मजल्यावर राहायच्या. थोरला भाऊ बापाशी भांडून घर सोडून गेला, तेव्हा वस्ती अजून उभी होती. मग बाप गेला, वस्ती पडली, फोन नंबर बदलले. आजी मात्र सकाळी चहा झाला की खाली येऊन आपल्या दारात बसायच्या.

“माझो झील येतलो,” त्या मला म्हणाल्या. “तेका हीच वाट म्हायती आसा. दारात कोण नसला तर परत जातलो.”

“गाड्यांच्या धुरात बसून छातीचं पार खोकं झालंय तिचं,” मुलगी म्हणाली. “तुमची बाकं लवकर येऊ द्या. मी तिला तिथे नेऊन बसवते.”

मला मुलीचा राग आला आणि आजींचाही. हलवलं तर मुलगा चुकेल, नाही हलवलं तर ही बाई खोकून खोकून मरेल. बोरिवलीकराला विचारलं तर तो बाकांची मापं घ्यायला लागला.

बाकं आली. वर पत्रा, गेटची हवा, बाजूला चहाची टपरी. बाकीची म्हातारी मंडळी एकेक करून तिकडे सरकली आणि खुशीत राहिली. आजी तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. गल्ली ओस पडली, तरी त्या समोरच्या दाराकडे बघून बोलत राहिल्या. एक वाक्य बोलायच्या, उत्तर ऐकायला थांबायच्या, मग हसायच्या. मला तिथे उभं राहवेना.

मग त्यांना ताप आला. तो उतरल्यावर मुलीने त्यांना हाताला धरून थेट बाकावर आणून बसवलं. त्या रिकाम्या जागेत लगेच कुणीतरी पांढरी गाडी लावली.

मॅडम आमचं काम बघायला आल्या ती दुपारची वेळ होती. बोरिवलीकर त्यांना बाकं दाखवत होता. आजी आमच्याकडे पाठ करून, पार्किंगकडे तोंड करून बसल्या होत्या. तेवढ्यात गेटमधून एक माणूस आत आला. दाढी पिकलेली, खांद्याला बॅग. बाकांकडे त्याने बघितलं नाही, वर इमारतीकडेही नाही. रोजचाच घरी येत असल्यासारखा खाली मान घालून पार्किंगमध्ये शिरला.

“गाडी शोधत असेल,” बोरिवलीकर म्हणाला.

माणूस थोडा पुढे गेला आणि मोकळ्या फरशीवर डावीकडे वळला. मग उजवीकडे. पांढऱ्या गाडीच्या बॉनेटसमोर तो थांबला आणि तसाच उभा राहिला, कुणी आतून येईल म्हणून.

आजी उठल्या. मी त्यांचा हात धरून सरळ तिकडे ओढायला लागले, तर त्यांनी माझा हात झटकला. खोकत, धापा टाकत त्या गल्लीच्या तोंडाशी गेल्या आणि तिथून आत शिरल्या. डावीकडे वळल्या, मग उजवीकडे. मला पळत पुढे जाऊन त्या माणसाला थांबवायचं होतं, तो निघून जाईल या भीतीने जीव कासावीस झाला होता. पण मधूनच जायची माझी छाती होईना. मीही त्यांच्या मागोमाग वळत वळत गेले.

त्या त्याच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या. त्याने वळून बघितलं. आजी रडल्या नाहीत, त्याला जवळही घेतलं नाही. कमरेची चावी काढली आणि म्हणाल्या, “वायच बाजूक हो. मी दार उघडतंय.”

तो बाजूला झाला.