आण्णांच्या बुद्धीची तपासणी

मी शाळेत शिष्यवृत्तीच्या मुलांना बुद्धिमत्ता चाचणी शिकवते. शिकवते म्हणजे घोटून घेते. घोटून येते ती बुद्धी कसली, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला नगरच्या एका दवाखान्यात, वडिलांची परीक्षा चालली होती तेव्हा.

आण्णांचं विसरणं वाढलंय, त्यांना आता बाजाराला सोडायला नको, असं भावाचं म्हणणं. घोडेगावच्या बाजारात बैल पारखण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना घरी बसवायचं म्हणजे काय, हे त्याला कोण सांगणार? डॉक्टरीणबाईंनी आजची तारीख विचारली. आण्णा म्हणाले, बाजाराला तीन दिवस राहिलेत. शंभरातून सात वजा करा म्हटल्यावर त्यांनी शंभर काय, असं विचारलं. घड्याळ काढायला सांगितलं, तर अंगठा लावणारा हा माणूस पेनकडे नुसता बघत राहिला. बाईंच्या कागदावर फुल्याच फुल्या.

माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. ही बुद्धीची तपासणी नाही, शाळेत गेला होतात का एवढंच तुम्ही विचारताय, असं मी सुनावलं. बाई शांतपणे म्हणाल्या, न शिकलेल्यांसाठी वेगळी चाचणी असते, पुढच्या आठवड्यात या. मनात म्हटलं, ती मीच घेते.

बाजाराच्या दिवशी आण्णांना घेऊन गेले. एका गोऱ्ह्यापाशी थांबून त्यांनी त्याचा ओठ वर केला, दातांवरून अंगठा फिरवला, त्याला चार पावलं चालवलं.

"चारदाती हाय. पन डाव्या खुराला जपतोय. न्हाई घ्यायचा."

मालकाचा चेहरा पडला, म्हणजे उत्तर बरोबर. मला एवढा आनंद झाला की तिथूनच भावाला फोन लावून झापलं.

फोन ठेवून बघते, तर आण्णा पुन्हा त्याच गोऱ्ह्याचा ओठ वर करत होते. चारदाती हाय, असं त्यांनी मला सांगितलं, आत्ताच पाहिल्यासारखं. थट्टा करतायत असं वाटलं. चहा पिऊन परतताना ते तिसऱ्यांदा तिथेच थांबले. मालकाने स्वतःच गोऱ्ह्याचं तोंड उघडून धरलं.

उत्तर तिसऱ्यांदाही बरोबर आलं. गुण द्यावेत की फुली मारावी, मला काही कळेना. रडू तेवढं येत होतं, आणि आण्णा माझ्याकडे बघत होते, मी हो म्हणायची वाट पाहत.