मुलगी आधी बसलेली पाहिजे

त्या उन्हाळ्यात मी आणि अण्णांनी शहरातली जितकी नवी हॉटेलं पालथी घातली, तितकी एखाद्या खादाड माणसानं जन्मात घातली नसतील. जालना रोडवरचं काचेचं, बीड बायपासवरचं खाटा टाकलेलं, कॅनॉटमधलं काळ्या भिंतींचं, हर्सूलकडं जाताना लागतं ते प्लॅस्टिकच्या वेलींचं. लॅबमधल्या बायका म्हणायच्या, काय हौशी बापलेक आहात गं, या रविवारी कुठं? मी हॉटेलाचं नाव सांगायचे आणि मनात दात-ओठ खायचे. हौस कसली डोंबलाची! मला दाखवायचा कार्यक्रम असायचा.

माझा डावा पाय लहानपणीच्या तापात गेला. गेला म्हणजे आहे जागेवर, पण बारीक आहे, थोडा आखूड आहे, आणि चालताना माझा तोल एका बाजूला जातो. मला त्याचं काही नाही. स्कूटी चालवते, लॅबमध्ये दिवसभर उभी राहून लोकांचं रक्त काढते, भाजी आणते, भांडते. त्रास आहे तो अण्णांना, माझ्या वडलांना. घरी कार्यक्रम ठेवला तर मुलीनं आतून पोह्यांचा ट्रे घेऊन यावं लागतं, आणि आतून येणं म्हणजे चालून येणं. हॉटेलात ट्रे वेटर आणतो. एसटीत नोकरी काढलेल्या माणसाचं हे डोकं. "एकदा चेहरा आवडला ना, मग पायाचं हळूच सांगता येतं," असं म्हणायचे. "मुलगी आधी बसलेली पाहिजे."

त्यासाठी ते आदल्या दिवशी भर उन्हात जाऊन हॉटेल बघून यायचे. पायऱ्या नकोत, हात धुवायचं बेसिन लांब नको, टेबल कोपऱ्यातलं. मला पायघोळ ड्रेस. पाहुण्यांच्या चांगलं अर्धा तास आधी जाऊन मला खुर्चीत ठेवायचं, आणि शेवटी "तुम्ही व्हा पुढं, आम्ही बसतो जरा" म्हणून त्यांना वाटेला लावायचं. त्यांची गाडी वळली की मग मला उठायची परवानगी. आई कधी आली नाही. "मला नाय बघवत," म्हणायची. अण्णांना वाटायचं, लेकीच्या काळजीनं म्हणते. ती अण्णांवर चिडलेली असायची, मला पक्कं ठाऊक होतं.

लग्न मला करायचं होतं, हे आधीच सांगते. नाहीतर लोक लगेच म्हणतात, तिलाच नको असेल. मला हवं होतं. चोरून नको होतं.

आणि ती हॉटेलं! अरे काय ती हॉटेलं! नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, आम्ही पिंपांवर झाकणं ठेवून जगतोय, आणि इथं पंख्यातून पाण्याचे फवारे गिऱ्हाइकाच्या तोंडावर मारतात. एका ठिकाणी थालीपिठावर चीज ओतून त्याला पिझ्झा म्हणत होते. एकीकडं आमरस काचेच्या बरणीत, वर पुदिन्याचं पान. आमरसावर पुदिना! देवगाव रंगारीत माझ्या आजोळी कुणी असं केलं असतं तर बरणीसकट बाहेर काढलं असतं. पनीरच्या नावाखाली खोडरबर. एसी असा की समोरचा मुलगा पगार सांगत असताना माझे दात वाजत होते, त्याच्या आईला वाटलं पोरगी लाजतेय.

मुलंही सगळी एका छापाची. मेन्यूकार्ड वाचायची, फोन उलटा ठेवायची, परत सुलटा करायची. त्यांच्या आया माझा रंग बघायच्या, केस बघायच्या, "स्वयंपाकाची आवड आहे का गं?" विचारायच्या. मी टेबलाखाली पाय आवळून हसायचे. घरी गेल्यावर दोन दिवसांनी अण्णा फोनवर "एक सांगायचं राहिलं होतं" अशी सुरुवात करायचे, आणि पलीकडून नकार यायचा. नकार पायाला होता की लपवण्याला, हे अण्णांनी कधी विचारलं नाही. ते फक्त त्या हॉटेलावर फुली मारायचे. "तिथं परत नाय जायचं. त्या जागेचा पायगुणच चांगला नाय."

पायगुण! माझ्या तोंडावर! आणि बोलल्याचं भानसुद्धा नाही.

मे महिन्यात अण्णांना ऊन लागलं. लागणारच, दुपारी बाराला दुसऱ्याच्या हॉटेलातल्या पायऱ्या तपासत फिरल्यावर काय होणार? दोन दिवस कांद्याचा रस लावून पडून होते. मी म्हटलं, आता पुरे, या रविवारचं रद्द करा. तर म्हणे, "माणसं कन्नडहून यायची आहेत, शब्द दिलाय." फोनवर फोटो बघितले, तळमजला आहे एवढी खात्री केली, आणि टेबल सांगून टाकलं. जाऊन बघणं तेवढं राहिलं.

रविवारी दुपारी आम्ही वेळेआधी पोचलो. मी कोपऱ्यात बसले. पाहुणे आले: मुलगा, त्याची आई, वडील. मुलगा दिसायला बरा होता, पहिल्यांदाच कुणीतरी मला कामाचं विचारलं, की लहान मुलांची शीर सापडत नाही तेव्हा काय करता? मी सांगायला लागले. आणि अण्णा इकडंतिकडं वेटर शोधायला लागले.

वेटर नव्हताच. सेल्फ सर्व्हिस. काउंटरवर जाऊन सांगायचं, टोकन घ्यायचं, नंबर पुकारला की आपलं ताट आपण आणायचं. आणि काउंटर पार दुसऱ्या टोकाला, सगळ्या टेबलांच्या मधून.

अण्णांचा चेहरा उतरला, पण हार मानतील तर ते अण्णा कसले. "बसा बसा, मी आणतो," म्हणून उठले. सामोसे आणले. परत गेले, पाणी आणलं. परत गेले, कचोऱ्या आणल्या. तोंड लाल झालेलं, शर्ट पाठीला चिकटलेला. मुलाचा बाप मदतीला उठला तर त्याचे खांदे दाबून खाली बसवलं. आणि मी? मी महाराणीसारखी बसलेली. सत्तरीकडं झुकलेला आजारी बाप धावतोय आणि तिशीची घोडी समोर बसून कचोरी खातेय, असं ते दृश्य.

मुलाच्या आईनं ते बघितलं. बघणारच. "अहो, तुम्ही कशाला?" ती म्हणाली. "तुमची तब्येत बरी दिसत नाही. मुलगी आहे की बसलेली." आणि माझ्याकडं बघून, अगदी गोड आवाजात, "घरीपण बाबाच करतात का सगळं?"

अंगाची आग झाली. लंगडी म्हणा, मला चालतं. ऐतखाऊ? मी?

तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. अण्णा उठायला लागले. मी उठले.

"तू बस," अण्णा म्हणाले.

"नाही."

"बस म्हटलं ना!"

मी चालू लागले. पायघोळ ड्रेस पायात यायला लागला तसा एका हातानं वर धरला. खुर्च्यांमधून वाट काढत गेले, ताकाच्या ग्लासांचा ट्रे उचलला आणि परत आले. टाईल्सवरून ट्रे घेऊन चालताना माझा तोल जातो, ताक सांडलं, थोडं माझ्या हातावर, थोडं एका परक्या बाईच्या पर्सवर. त्या बाईला सॉरी म्हटलं. ट्रे खाली ठेवला.

"अगं बाई," मुलाची आई म्हणाली. "पायाला काय झालं?"

माझ्या आधी अण्णा बोलले. "मुरगळलाय. काल. जिन्यात."

आणि हसले. माझ्याकडं बघून, मीही हसावं म्हणून हसले.

इतक्या आयांनी माझ्याकडं बाजारातल्या वांग्यासारखं बघितलं, त्याचं मला काही वाटलं नाही. ते हसणं मात्र मला सहन झालं नाही. "काल नाही," मी म्हटलं. "तीन वर्षांची होते तेव्हापासून असाच आहे. असाच राहणार."

मुलाच्या बापानं घसा साफ केला. मुलगा माझ्याकडं बघत होता, मग आईकडं बघायला लागला, आणि तिथंच थांबला. आई म्हणाली, "मग हे आधी सांगायचं असतं हो." एवढंच. तिचंही काय चुकलं? अण्णांनी हात जोडले. ते जोडलेले हात मी धरले आणि खाली केले. "कुणाचे पाय धरायचे नाहीत," म्हटलं. पाहुण्यांनी ताकाला हातही लावला नाही. "कळवतो" म्हणाले आणि गेले.

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. अण्णा पुढं, मी मागं, स्कूटरपाशी आलो. त्यांनी किल्ली लावली पण गाडी सुरू केली नाही.

"तुझ्यासाठीच करतोय ना मी हे सगळं?" म्हणाले. "कुणासाठी करतोय?"

"माझ्यासाठी नाही," मी ओरडलेच. रिकाम्या रिक्षातला माणूस बघायला लागला. "मला लाज वाटत नाही अण्णा. तुम्हाला वाटते. माझी. सांगा ना, वाटते की नाही?"

मला वाटलं, उखडतील. नेहमीसारखं, बापाला उलटून बोलते म्हणतील.

"व्हय," म्हणाले. "वाटते."

तिशी उलटेपर्यंत मी त्यांच्या तोंडून हेच काढायला भांडत होते. वाटलं होतं, एकदा कबूल केलं की मी जिंकले. माझा चांगला पायसुद्धा लटपटायला लागला. धरायला स्कूटरच्या सीटशिवाय काही नव्हतं, ते उन्हानं तापून निखारा झालेलं. मी धरलं, आणि हात पोळला तरी सोडलं नाही, कारण सोडलं असतं तर त्यांना मला धरावं लागलं असतं.