दिवसा लागलेला दिवा

माझी छोटी गाडी युरोपियन आहे. तिकडे दिवसाही पुढे दिवे लागलेले असावेत असा नियम, म्हणून इंजिन सुरू झालं की हिचे दोन बारीक दिवे आपोआप लागतात आणि काही केल्या बंद होत नाहीत. आपल्या ठाण्यात मात्र भर उन्हात गाडीचा दिवा दिसला, की अनोळखी माणूसही हात वर करून मुठीची उघडझाप करतो. दिवा राहिलाय, बंद करा!

कोलशेतच्या बसस्टॉपवर रोज सकाळी उभी असणारी एक बाई हे अगदी नेमाने करायची. एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्याची उघडझाप. मी वैतागायचो. शेवटी एकदा स्टॉपसमोर ट्रॅफिकमध्ये अडकलेलो, तेव्हा काच खाली करून तिला तो नियम समजावला.

"तिकडे ऊन नसेल हो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मूठ.

"अहो ताई, काल सांगितलं ना?"

"कळलं हो दादा. पण बघून गप्प बसले ना, की दिवसभर चुटपुट लागते."

परवा तिने मूठ उघडली नाही, नुसतं एक बोट दाखवलं. ऑफिसला पोचून पाहिलं, तर डावा दिवा गेलेला. माझ्या गाडीकडे इतकं नीट मीही कधी बघितलं नव्हतं.

आज दिवा दुरुस्त करून निघालो. स्टॉपपाशी थांबून काच खाली केली. मी थँक्यू म्हणायच्या आतच तिने दोन बोटं वर केली आणि हसली.