हवालदाराच्या हातात दिलेला फोन

आमच्याकडे पोलिसानं गाडी अडवली की माणूस लायसन काढत नाही, फोन काढतो. कुठल्यातरी पुढाऱ्याला लावतो आणि "घ्या, बोला" म्हणत पोलिसाच्या हातात देतो. आमचा तर पुढारी घरचाच, माझे मोठे काका. त्यांच्या एका शब्दावर माझे चुलतभाऊ ट्रिपल सीट असोत की उलट्या बाजूनं, हमखास सुटायचे. मला मात्र काकांनी बजावलं होतं, "गाडीला हात लावलास तर कॉलेज बंद." आणि काकांचा शब्द वडीलसुद्धा मोडत नसत.

त्या सकाळी बीडला माझी बी.एस्सी.ची शेवटची प्रॅक्टिकल होती आणि तेलगावच्या फाट्यावर ना एसटीचा पत्ता होता, ना भाड्याच्या जीपचा. मी धावत घरी आले. वडील शेतात, मोटारसायकल दारात. ती चालवायला मी गुपचूप शिकले होते, कॉलेजातल्या शिबिरात लायसनही काढलं होतं. म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते! ओढणी कमरेला बांधली आणि किक मारली.

काय सांगू, काय मजा आली! दोन्ही बाजूंना ऊस, समोर मोकळा रस्ता आणि मी एकटी! आनंदानं मोठ्यानं ओरडलेसुद्धा. वडवणीच्या अलीकडे हवालदारानं हात केला आणि मी शहाण्यासारखी गाडी बाजूला घेतली.

हेल्मेट नव्हतं. त्यानं लायसन बघितलं, मशीनवर फोटो काढला आणि म्हणाला, "आता वरूनच आदेश हाय. हेल्मेटबिगर कुणालाच पुढं सोडायचं न्हाई."

घड्याळ बघितलं, प्रॅक्टिकलला तासच उरला होता. अशा वेळी डोकं चालत नाही, सवय चालते. मी काकांना फोन लावला आणि काकांचं नाव सांगून "घ्या, बोला" म्हणत हवालदाराच्या हातात दिला.

दिला आणि मग उजेड पडला. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता!

"भाऊ, तुमची पुतणी हाय इथं. मोटारसायकलवर. हेल्मेट न्हाई. न्हाई भाऊ, फोटो निघालाय, आता माझ्या हातात काय न्हाई." मग तो बराच वेळ नुसता ऐकत राहिला. संपलं कॉलेज, मी मनात म्हटलं. मला रडूच फुटलं. तेवढ्यात तो म्हणाला, "राग मानू नका भाऊ, पर हात केल्यावर तुमच्या घरातली आपणहून थांबलेली ही पहिलीच गाडी हाय. तुमची पोरं तर अंगावर घालत्यात."

पलीकडून काका काहीतरी थोडकंच बोलले. त्यानं फोन मला दिला.

"पावती फाडायला सांगितलीय," काका म्हणाले. "तुझ्याच नावानं."

"हो, काका."

"परीक्षा कवा हाय?"

"आत्ताच हाय, काका."

हवालदारानं स्वतःच्या गाडीचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर ठेवलं. "सांजेपस्तोर मी हितंच हाय, माघारी जाताना दे." ते भुवयांवर घसरलं. मी हसायला लागले, डोळे अजून ओलेच होते. आता काका गाडी तिथंच लावून जीपमध्ये बस म्हणणार, याची वाट बघत मी फोन कानाला धरला.

"येताना अंधार करू नको," काका म्हणाले. "त्या गाडीचा लाइट लई बारीक हाय."