निघालेल्यानं मागे फिरू नये

आमच्याकडे घरातून निघालेला माणूस मागे फिरला की अपशकुन. छत्री विसरलास? भिजत जा, पण परत येऊ नको! आणि आलासच, तर जरा टेक, घोटभर पाणी पी, मग नीघ. अशा घरात वाढलेली माझी लेक छोटी विमानं चालवते, आणि तिला सगळ्यात चांगलं काय येत असेल तर मागे फिरणं.

गेल्या वैशाखात ती एका बागायतदारांना घेऊन रत्नागिरीहून पुण्याला निघाली. त्यांचे वडील तिकडे इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होते. मागची सीट रिकामी, म्हणून मीही चढले. विमान कसलं, पंख लावलेली रिक्षा! विमानतळाचा मिरजोळ्याचा कातळी सडा सुटला, आंब्याच्या बागा मागे पडल्या आणि समोर सह्याद्री आला. माथ्यावर वळवाचे ढग चढत होते.

दोन डोंगरांमधल्या दरीच्या टोकाला, ढगांखाली उजेडाची एक फट दिसत होती. मला वाटलं, झालं, पोचलो पलीकडे. तेवढ्यात विमान धाडकन खाली गेलं. लेकीनं ते सावरलं आणि सरळ माघारी वळवलं.

"अहो ताई, समोर दिसतंय की! निघालेल्यानं मागे फिरू नये!" बागायतदार ओरडले.

"अगं, जरा पुढे जाऊन तर बघ," मीही म्हटलं. बाईसाहेबांनी मानसुद्धा वळवली नाही.

रत्नागिरीला परत उतरल्यावर लेक म्हणाली, "दरी रुंद आहे तोवरच वळता येतं, काका. पुढे ढगानं फट बुजवली असती, तर वर चढायला इंजिनात तेवढी ताकद नाही आणि वळायला जागा नाही. डोंगराकडे नाक करून आशा करायची नसते."

"माझा बाप तिकडे वाट बघतोय आणि तू मला भूगोल शिकवतेस?" भर धावपट्टीवर ते नाही नाही ते बोलले. माझं डोकं सणकलं, पण लेकीनं हातानंच मला गप्प केलं.

"खुशाल रागवा, काका. रागवायला तुम्ही आहात, एवढं मला पुरे." तिनं त्यांची बॅग उचलून स्वतः गाडीत ठेवली. ते आंबा घाटानं गाडीनंच पुण्याला निघाले. चार माणसं काय म्हणतील म्हणून घोडं पुढे दामटणारे बाप्ये मी जन्मभर बघितलेत. माझी एवढीशी पोर शिव्या खात शांत उभी होती. मला तिचा इतका अभिमान वाटला, काय सांगू!

ते पोचायच्या आधीच वडील गेले. लेक त्या दिवशी जेवली नाही.

दिवसकार्य उरकल्यावर त्यांचा फोन आला. तिनं स्पीकर लावला.

"बाप भेटला नाही, ताई. ते दुःख जायचं नाही."

"हो, काका."

मग ते म्हणाले, "आमची आई मात्र येईल त्याला सांगते, नवरा नि लेक, त्या पोरीनं दोघांतला एक तरी मला ठेवलान."

लेकीनं फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "इकडे आलात की जरा टेका, घोटभर पाणी प्या."